भूशास्त्रज्ञाला जीवशास्त्र कशासाठी?

भूशास्त्र शिकण्यासाठी महाविद्यालयात नाव घातलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या वर्षाचे वेळापत्रक पडते, आणि त्यात जीवशास्त्राचे तास पाहून त्याच्या कपाळाला आठी पडते. हातात हातोडी घ्यावी, डोंगर चढावेत, खनिजांचा रंग आणि काठिण्य पारखावे, नकाशे काढावेत, ह्या उमेदीने तो आलेला असतो. येथे पाहावे तो पेशी, ऊती, संघ, वर्ग, गण आणि कुळे! दगडाला कुठे प्राण असतो, असा त्याचा सवाल असतो. सवाल करणारा मुलगा आळशी असतो असे मुळीच नाही. पुष्कळदा तो वर्गातला हुशार मुलगाच असतो. 'अभ्यासक्रमात आहे म्हणून' हे उत्तर त्याला पटत नाही, आणि पटूही नये.

खरे उत्तर भूशास्त्राच्या इतिहासातच पडलेले आहे. दगडाचा अर्थ लावताना माणसाने ज्या मोठाल्या चुका केल्या, त्यांतल्या कितीतरी चुका दगड न कळल्यामुळे झालेल्या नाहीत. त्या प्राणी न कळल्यामुळे झालेल्या आहेत.

भूमध्य समुद्रातील माल्टा बेटाच्या खडकांत त्रिकोणी, चकचकीत आणि कडेला करवतीसारखे दाते असलेले दगड सापडत. लोक त्यांना जिभेचे दगड म्हणत. संत पौलाने त्या बेटावरील सापांना शाप दिला आणि त्यांच्या जिभा दगडाच्या झाल्या, अशी लोककथा होती. विषावर उतारा म्हणून हे दगड दागिन्यांत जडवीत आणि पेयात बुडवीत. चंद्र क्षीण असताना ते आकाशातून पडतात, अशी समजूत रोमन लेखक प्लिनी ह्याने त्याहीपूर्वी नोंदवून ठेवली होती. १६६६ साली इटलीतील लिव्होर्नो बंदराजवळ कोळ्यांनी एक अवाढव्य शार्क पकडला. कोकणात ज्याला मुशी म्हणतात त्याच जातकुळीतला, पण आकाराने कितीतरी पट मोठा. त्याचे डोके तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने फ्लॉरेन्समध्ये राहत असलेल्या स्टेनो ह्या डॅनिश विद्वानाकडे विच्छेदनासाठी पाठविले. स्टेनो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि तो भूशास्त्रज्ञ नव्हता. तसे शास्त्रच तोवर जन्मलेले नव्हते. तो शरीररचनेचा अभ्यासक होता. कानाजवळच्या लालाग्रंथीतून तोंडात लाळ आणणारी नळी त्याने शोधून काढलेली होती, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

त्या डोक्यातले दात पाहताच माल्टाचे दगड त्याला आठवले. हे साम्य त्याच्याआधी एकदोघांच्या लक्षात आलेले होते. स्टेनोचे वेगळेपण असे की तो तेवढ्यावर थांबला नाही. समुद्रातल्या माशाचा दात डोंगरातल्या घट्ट खडकाच्या पोटात शिरला कसा, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. त्याचे उत्तर शोधता शोधता तो अशा निष्कर्षाला आला की खडक एके काळी मऊ गाळ होता, तो थरांवर थर असा साचत गेला, आणि म्हणून खालचा थर आधीचा व वरचा थर नंतरचा असला पाहिजे. हे विचार त्याने १६६९ साली एका लहानशा पुस्तकात मांडले. आज भूशास्त्राच्या पहिल्याच धड्यात विद्यार्थी जो नियम घोकतो, तो अशा रीतीने एका माशाच्या जबड्यातून निघालेला आहे. स्टेनो पुढे धर्मगुरू झाला, १६७७ साली बिशप झाला आणि शास्त्राकडे फारसा वळला नाही. धर्मसंस्थेने १९८८ साली त्याला 'धन्य' ह्या पदवीने गौरविले. परंतु भूशास्त्राचे त्यात नुकसान झाले, हे मान्य करावयास हरकत नाही.

ह्या गोष्टीत आणखी एक बारकावा आहे. माल्टाच्या खडकात दात सापडतात, मग त्या माशांचे सांगाडे कुठे गेले? शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो, आणि कूर्चा लवकर कुजते. शिवाय शार्कच्या जबड्यात दातांच्या ओळींमागे ओळी तयार असतात. पुढचा दात पडला की मागचा त्याच्या जागी येतो, आणि हे आयुष्यभर चालते. एक शार्क हजारो दात टाकून जातो. तेव्हा एखाद्या थरात शंभर दात सापडले म्हणून तेथे शंभर शार्क होते, असा हिशेब मांडणारा फसला. तो दगडाला फसलेला नाही, माशाला फसलेला आहे.

ह्याहून बोधक कथा मसुरीची आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रेबो हा ग्रीक भूगोलकार ईजिप्तमध्ये गेला असता पिरॅमिडांच्या पायथ्याशी दगडी चिपांचे ढीग त्याच्या दृष्टीस पडले. त्यांत मसुरीच्या दाण्यांच्या आकाराचे खडे होते. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या जेवणातून उरलेले धान्यच दगड होऊन पडले आहे, असे त्याला तेथे सांगण्यात आले. त्याने ते लिहून ठेवले. आणि मसुरीसारख्या खड्यांनी भरलेली एक लांबलचक टेकडी आपल्या मायदेशीही आहे, अशी पुस्ती जोडली. तेथे तर कोणी पिरॅमिड बांधलेले नव्हते! शंकेचे बी असे त्याच्या स्वतःच्या लेखनातच पडलेले होते. पण ते रुजावयाला फार काळ जावा लागला.

हे खडे म्हणजे न्यूम्युलाइट. लॅटिन भाषेतील लहान नाण्याच्या नावावरून हे नाव पडले. काही मसुरीएवढे, काही खरोखरच रुपयाएवढे. मधोमध चिरून भिंगाखाली धरला तर आत घड्याळाच्या कमानीसारखे वेटोळे दिसते, आणि त्या वेटोळ्यात शेकडो बारीक कप्पे. असे कप्पे पाडलेले वेटोळे नॉटिलस नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखातही असते. माकूळ ज्या वर्गातला, त्याच वर्गातला हा नॉटिलस. तेव्हा हे बारीक प्राणी नॉटिलसचेच धाकटे भाऊबंद असले पाहिजेत, असे विद्वानांनी ठरविले. १८२६ साली दॉर्बिन्यी ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ह्या साऱ्या सूक्ष्म कवचांना फोरॅमिनिफेरा हे नाव दिले, आणि त्यांची रास माकुळांच्या वर्गातच लावली. आकार पाहून केलेला तर्क इतका सरळ होता की त्याला दोष तरी कसा द्यावा!

नंतर १८३५ साली दुजार्दां ह्या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट केली. त्याने समुद्रातले जिवंत फोरॅमिनिफेरा आणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. माकुळासारखे डोळे नाहीत, हातांसारखे शुंड नाहीत, हृदय नाही, आतडे नाही. कवचाच्या छिद्रांतून बाहेर येणारे आणि पुन्हा आत जाणारे चिकट, पारदर्शक द्रव्याचे धागे, एवढेच काय ते. तो एकपेशीय जीव होता. ज्याची गणना समुद्रातील अत्यंत चतुर प्राण्यांत होत होती, तो प्रत्यक्षात जीवसृष्टीच्या अगदी खालच्या पायरीवरचा निघाला.

येथे विद्यार्थी म्हणेल, निघाला तर निघाला. खडकाला त्याचे काय? खडकाला त्याचे पुष्कळ आहे. नॉटिलस पाण्यात तरंगतो, आणि मेल्यावर त्याचा पोकळ शंख लाटांबरोबर शेकडो मैल वाहत जाऊन भलत्याच किनाऱ्याला लागतो. त्याच्या शंखावरून तो तेथेच राहत होता असे म्हणता येत नाही. न्यूम्युलाइट समुद्राच्या तळावर राहणारा जीव. त्याच्यासारखी जी मोठी फोरॅमिनिफेरा आज उष्ण समुद्रांत आढळतात, ती आपल्या पेशीत सूक्ष्म शैवाले बाळगतात. शैवालांना उजेड लागतो, म्हणून हे जीव उथळ, उबदार आणि स्वच्छ पाण्यातच वाढतात. न्यूम्युलाइटचेही तसेच असावे, असे त्यांच्या बांध्यावरून आणि सोबतच्या इतर जीवाश्मांवरून मानतात. म्हणजे ज्या खडकात ते ठासून भरले आहेत, तो खडक उजेड पोहोचेल इतक्या उथळ समुद्रात साचला. हे वाक्य लिहिण्याचा अधिकार भूशास्त्रज्ञाला एका पेशीतल्या शैवालाने दिलेला आहे. असे न्यूम्युलाइटी चुनखडक कच्छात आहेत, सुरत-भरूचच्या भागात आहेत. आणि लडाखच्या उंच पर्वतांतही आहेत. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तेथे उथळ समुद्र होता, ही गोष्ट त्यांच्यावाचून इतक्या खात्रीने कोण सांगू शकला असता?

न्यूम्युलाइटने शास्त्रज्ञांना आणखी एकदा फसविले. एकाच थरात मोठे आणि लहान असे दोन नमुने जोडीजोडीने सापडत. मोठ्याचा मधला कप्पा अगदी बारीक, तर लहानाचा मधला कप्पा ठळक. साहजिकच दोन निराळ्या जाती समजून त्यांना दोन निराळी नावे दिली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लिस्टर आणि जर्मनीत शाउडिन ह्यांनी जिवंत फोरॅमिनिफेरांचे जीवनचक्र तपासले, तेव्हा असे दिसले की त्यांच्यात लैंगिक आणि अलैंगिक अशा पिढ्या आलटून पालटून येतात आणि दोन्ही पिढ्यांची ठेवण वेगवेगळी असते. दोन जाती म्हणून नोंदलेले ते जोडीदार एकाच जातीच्या दोन पिढ्या होत्या. संग्रहालयांतील पेट्यांवरच्या चिठ्ठ्या बदलाव्या लागल्या. प्रजननाचा धडा भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला कशाला, असे विचारणाऱ्यांनी ह्या चिठ्ठ्यांची आठवण ठेवावी.

तेलाचा शोध घेणारांना तर हे सूक्ष्म जीव फारच उपयोगी पडतात. विंधनयंत्र खोल जमिनीत उतरते तेव्हा वाटेतल्या मोठ्या शिंपल्यांचा चुरा होतो. परंतु ज्वारीच्या कणीहूनही लहान अशी कवचे त्या चुऱ्यातूनही शाबूत वर येतात. त्यांची जात ओळखली की विंधन कोणत्या काळाच्या थरात पोहोचले ते समजते. १९६० साली अंकलेश्वरला तेल लागले, १९७४ साली मुंबई हायला लागले. अशा विंधनांत वर येणाऱ्या चुऱ्यापाशी सूक्ष्मदर्शक घेऊन बसणारा माणूस लागतोच, आणि त्याचे अर्धे शिक्षण जीवशास्त्राचे असते.

दगडावर चुकीचे नाव एकदा चिकटले की ते किती चिवटपणे टिकते, ह्याचे उदाहरण इंदूरकरांच्या शेजारीच आहे. धार जिल्ह्यातील बाघ हे गाव लेण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील जुन्या सागरी थरांत एक तांबूस चुनखडक आहे. मांडूच्या जुन्या इमारतींत हा दगड वापरलेला आढळतो. भूशास्त्राच्या ग्रंथांत त्याला 'प्रवाळी चुनखडक' म्हणतात, कारण त्यात प्रवाळासारख्या बारीक, सच्छिद्र काड्यांचे तुकडे खच्चून भरलेले आहेत. पण ते प्रवाळ नव्हेत. ते ब्रायोझोआ नावाच्या प्राण्यांच्या वसाहतींचे तुकडे आहेत. प्रवाळाच्या पिशवीसारख्या शरीराला एकच तोंड असते. अन्न त्याच वाटेने आत जाते आणि मळ त्याच वाटेने बाहेर पडतो. ब्रायोझोआला तोंड वेगळे, गुदद्वार वेगळे आणि मध्ये वळलेले आतडे असते. हा भेद म्हणजे पुस्तकी कीस नव्हे. प्रवाळांची मोठी शैलभिंत उष्ण, उथळ, निवळ समुद्रातच उभी राहते. ब्रायोझोआ गार समुद्रातही सुखाने नांदतात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना उजेडाची गरज नसते. नावावर विसंबून जो विद्यार्थी सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या नर्मदेकाठच्या समुद्रात प्रवाळांची बेटे उभी करील, तो एका शब्दामुळे सारा समुद्रच चुकीचा रंगवील.

आता दख्खनच्या काळ्या पाषाणाकडे वळू. महाराष्ट्रात आणि शेजारच्या प्रदेशांत पसरलेला हा पाषाण ज्वालामुखीचा आहे, हे ओळखणे तितकेसे अवघड नव्हते. अवघड प्रश्न असा होता की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा कोरड्या जमिनीवर पसरला की समुद्राच्या तळावर? लाव्हाच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे गाळाचे पातळ पट्टे सापडतात. एका उद्रेकानंतर दुसरा होईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात साचलेला हा गाळ. प्रश्नाचे उत्तर त्या पट्ट्यांत होते. १८३०च्या दशकात माल्कमसन ह्या मद्रासच्या डॉक्टराने हैदराबाद संस्थानातील निर्मलच्या डोंगरांकडून अशा गाळातले शिंपले गोळा केले. पुढे स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश पाद्री १८४५ साली नागपूरला आला. त्याने आपला सहकारी हंटर ह्याच्यासह नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतून शंख, बिया, फळे आणि कीटकांचे अवशेष जमविले. १८६३ साली नागपूरजवळच एका ओढ्याच्या पुरात हिस्लॉपला मृत्यू आला. त्याच्या संग्रहातील एक शंख फार बोलका आहे. त्याला फायसा ह्या गोगलगाईच्या प्रजातीत गणीत आले. हातात टोक वर करून धरला तर बहुतेक शंखांचे तोंड उजव्या बाजूला येते. ह्याचे डावीकडे येते. आजची फायसा तळ्यात राहते, पण माशासारखी कल्ल्यांनी श्वास घेत नाही. तिच्या अंगात फुप्फुसासारखी पोकळी असते आणि हवा घेण्यासाठी ती पाण्याच्या पृष्ठभागावर येते. असा प्राणी खोल समुद्राच्या तळावर असणे शक्यच नाही.

मुंबईचा पुरावा ह्याहूनही गमतीचा आहे. वरळीला, जेथे आज तिन्हीसांजेला लोक समुद्राचा वारा खावयास जातात, तेथील काळ्या शेलमध्ये लहानशा बेडकांचे सांगाडे सापडले. लंडनच्या रिचर्ड ओवेनने १८४७ साली त्यांचे वर्णन करून त्यांना 'राना' ह्या नेहमीच्या बेडकांच्या प्रजातीत घातले. पुढे हाडांची बारकाईने तपासणी झाली, तेव्हा ते त्या प्रजातीतले नव्हेत असे ठरले, आणि १९३० साली त्यांना इंडोबॅट्राकस हे नवे नाव मिळाले. ज्या ठिकाणी आज खारा समुद्र खडकावर आदळतो, त्या ठिकाणी बेडूक!

काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते, हे प्रत्येक घरात दिसते. पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी मिठाच्या बाजूला ओढले जाते. शास्त्रात ह्याला तर्षण म्हणतात. बेडकाची त्वचा पातळ, ओलसर आणि उघडी असते. तो त्वचेतूनही श्वास घेतो. त्याला समुद्रात सोडला तर त्याचे काकडीसारखेच व्हायचे. त्याच्या अंड्यांना टरफल नसते, म्हणून तीही खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत. तेव्हा वरळीचा तो गाळ गोड्या पाण्याच्या तळ्यातला आणि त्या वेळी तेथे जमीन होती, हे तर्षणाच्या एका धड्याने ठरून जाते. अर्थात निसर्गात नियमाला अपवाद असतोच. आग्नेय आशियात खेकडे खाणारा एक बेडूक खाजणातल्या खाऱ्या पाण्यात राहतो. म्हणून एकट्या बेडकावर खटला चालवू नये. वरळीच्या साक्षीदारांत गोड्या पाण्यातले कासव आहे आणि सायप्रिस नावाचे अगदी बारीक, शिंपल्यासारखे कवच असलेले जलचरही आहेत. सर्वांची साक्ष एकच पडते.

ह्या थरांचे वर्णन १८५२ साली हेन्री जॉन कार्टर ह्याने आपल्या मुंबई बेटाच्या भूशास्त्रात केले. कार्टर हा मुंबईत नोकरीस असलेला कंपनी सरकारचा डॉक्टर. मुंबईच्या तळ्यांतील गोड्या पाण्याचे स्पंज तो त्याआधीच काही वर्षे अभ्यासीत होता, आणि फोरॅमिनिफेरांवरही त्याने लिहिले आहे. तळ्यातला जिवंत जीव आणि खडकातला मेलेला जीव ह्यांच्यामध्ये त्याने भिंत घातली नाही. विद्यापीठांनी ती नंतर घातली, असे म्हणावेसे वाटते.

दख्खनचा लाव्हा पूर्वेकडे थेट गोदावरीच्या मुखापर्यंत सापडतो. राजमहेंद्रीजवळ लाव्हाच्या थरांमध्ये जो गाळ आहे, त्यात मात्र खाडीतले आणि समुद्रातले शिंपले आहेत. म्हणजे तेथे लाव्हा समुद्रकाठी पोहोचला होता. नागपूरची गोगलगाय 'जमीन' म्हणते आणि राजमहेंद्रीचा शिंपला 'किनारा' म्हणतो. लाव्हा दोन्हीकडे सारखाच काळा. त्याच राजमहेंद्रीच्या गाळात फोरॅमिनिफेरा पुन्हा भेटतात. डायनोसॉर ज्या प्रलयात नाहीसे झाले, त्याच प्रलयात समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या बहुतेक जाती नष्ट झाल्या. मोठ्या, नक्षीदार जाती गेल्या. थोड्या लहान, साध्या जाती उरल्या आणि त्यांच्यामागून नव्या बारीक जाती आल्या. २००८ साली गेर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय व युरोपीय सहकाऱ्यांनी राजमहेंद्रीच्या भागातील गाळात प्रलयानंतर लगेच आलेल्या ह्या जाती दाखवून दिल्या. आणि त्यावरून असे मांडले की खालचा लाव्हा प्रलयाच्या आधीचा, म्हणजे उद्रेकाचा मोठा जोर प्रलयाच्या सुमारास ओसरला. प्रलय ज्वालामुखीने घडविला, की मेक्सिकोत कोसळलेल्या अशनीने, की दोघांनी मिळून, हा वाद आजही संपलेला नाही. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून काढलेले लाव्हाचे वय त्या वादात एका बाजूला मांडले जाते, आणि वाळूच्या कणाएवढी ही कवचे दुसऱ्या बाजूला. कवचांची जात ओळखण्यात चूक झाली तर सारा युक्तिवाद ढासळतो.

जीवाश्म नसलेल्या खडकांतही जीवशास्त्र सुटत नाही. गोव्याचे लोहखनिज हे ज्या अतिप्राचीन पट्टेदार खडकांपासून झाले, त्यांतले लोखंड एके काळी समुद्राच्या पाण्यात विरघळलेले होते. प्राणवायूवाचूनच्या समुद्रात लोखंड विरघळून राहते. त्याचे ऑक्सिडीकरण झाले की ते गंजाच्या रूपाने तळाशी बसते. ह्या कामात सूक्ष्मजीवांचा हात होता, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. कोणत्या सूक्ष्मजीवांचा आणि किती, ह्यावर मात्र त्यांचे एकमत नाही. प्रकाशसंश्लेषणाचा धडा झोपेत काढलेल्या विद्यार्थ्याला हा वाद कळणारच नाही, मग त्याने खाणीत कितीही वर्षे काढलेली असोत.

मग हे जीवशास्त्र शिकवावे कसे? येथे दोष विद्यार्थ्याचा कमी आणि शिकविण्याच्या पद्धतीचा अधिक आहे. संघांची आणि वर्गांची लांबलचक नावे फळ्यावर लिहून द्यावयाची आणि परीक्षेत ती परत मागावयाची, ह्याने कोणाचेच भले होत नाही. भूशास्त्राच्या मुलांना पहिल्या आठवड्यात मासळीबाजारात न्यावे. तेथे तिसऱ्यांच्या टोपल्या असतात. तिसरीची दोन्ही शिंपे सारखी, गुळगुळीत, कारण ती वाळूत रुतून राहते. कालव खडकाला चिकटून वाढते, म्हणून त्याचे शिंप वेडेवाकडे. ज्या खडकावर वाढले त्याचाच उंचसखलपणा त्याने उचललेला. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी बसविलेले चपटे, झिरझिरीत शिंप असते. तो प्राणी मऊ चिखलावर आडवा पडून राहतो. बुडू नये म्हणूनच त्याचे अंग इतके पसरट आणि हलके. आकार पाहून घर ओळखावयाचे, हा अभ्यास तेथे उभ्या उभ्या होतो. नंतर मुलांना किनाऱ्यावर न्यावे. तिसरी मेली की बिजागरी सुटते, दोन्ही शिंपे वेगळी होतात आणि लाटा त्यांना पालथी करून ठेवतात. खडकात जर दोन्ही शिंपे मिटलेली आणि जशी वाळूत उभी असतात तशीच उभी सापडली, तर तो प्राणी जागच्या जागी आणि एकाएकी गाडला गेला. एखाद्या वादळाने किंवा पुराने वर गाळ आणून टाकला असेल. सगळी सुटी आणि पालथी असतील तर लाटांनी त्यांना वाहून आणले. एवढे कळलेला मुलगा बाघच्या थरापाशी गेला की नुसते 'शिंपले आढळले' असे टिपून ठेवणार नाही. ते कसे पडले आहेत, हे तो आधी पाहील.

शेवटी कॉर्नेल विद्यापीठातील जॉन वेल्स ह्या प्राध्यापकाची हकीकत. भरतीओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे हळूहळू मंदावत आहे, म्हणून पूर्वी दिवस लहान आणि वर्षातले दिवस अधिक असले पाहिजेत, असे खगोलशास्त्रज्ञ गणिताने सांगत होते. दगडात त्याचा पुरावा कोणाला दिसला नव्हता. वेल्स प्रवाळांचा जाणकार होता. प्रवाळ चुन्याचे कवच रोज थोडे थोडे वाढवितो आणि दिवसाला एक अशी अतिशय बारीक रेषा उमटत जाते, असे त्याला वाटत होते. त्याने प्रथम आजच्या प्रवाळावर एका वर्षाच्या वाढीतल्या रेषा मोजल्या. त्या ३६०च्या आसपास भरल्या. तेव्हा कुठे त्याने सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म प्रवाळांना हात घातला, आणि भिंगाखाली एकेक रेषा मोजीत गेला. वर्षाला सुमारे ४०० रेषा भरल्या. १९६३ साली त्याने तो आकडा प्रसिद्ध केला. खगोलशास्त्रज्ञांच्या गणिताशी तो जुळत होता.